कॉमा: चूक कुठली आणि नुसती पद्धत कुठली

इंग्रजी मजकूर तपासायच्या कामाला लागले तेव्हा पहिलं प्रूफ हातात आलं ते चोवीस पानांच्या एका अहवालाचं. मी लाल पेन घेऊन बसले आणि दोन तासांत पान न् पान रंगवून टाकलं. प्रत्येक ‘अँड’च्या आधी कॉमा, प्रत्येक ‘इन 2009’ नंतर कॉमा, जिथे जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे कॉमा. संध्याकाळी प्रूफ परत आलं. आमच्याकडे एक जुने मुद्रितशोधक होते, खिळ्यांच्या छापखान्यापासून काम केलेले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी माझ्या बहुतेक कॉम्यांखाली पेन्सिलीने बारीक ठिपक्यांची रांग मारली होती आणि समासात एकच शब्द: ‘स्टेट’. मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘राहू दे’. प्रुफाच्या भाषेत, केलेली दुरुस्ती रद्द, मूळ होतं तसंच ठेवा.

‘यातली चूक कुठली आणि तुझी आवड कुठली, ते आधी वेगळं कर,’ काका म्हणाले, ‘मग पेन उचल.’

आणि सतराव्या पानावर जिथे कॉमा खरोखरच राहिला होता, तो मला दिसलाच नव्हता.

इंग्रजी लिहिणाऱ्या-तपासणाऱ्या नवख्या माणसाने काकांचं ते वेगळं करणं कसं करायचं, ते इथे पायरी-पायरीने सांगते. उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत. आपल्याला स्पेलिंगशी देणंघेणं नाही, शेपटीवाल्या टिंबाशी आहे.

पायरी 1: ‘थांबायचं तिथे कॉमा’ हे विसरा

शाळेत आपल्याला सांगतात की वाचताना थांबतो तिथे स्वल्पविराम द्यायचा. हे अगदीच खोटं नाही. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियातल्या ग्रीक पंडितांनी मजकुरात ठिपके द्यायला सुरुवात केली ती मोठ्याने वाचणाऱ्यासाठीच. ‘कोम्मा’ म्हणजे कापलेला तुकडा, वाक्याचा छोटा खंड. तो नंतर चिन्हालाच चिकटला. पुढे 1490च्या दशकात व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसच्या छापखान्याने या चिन्हाला आज आपण ओळखतो तो आकार दिला.

पण आजचं इंग्रजी डोळ्यांनी वाचलं जातं आणि त्यातला कॉमा बहुतेक वेळा श्वास दाखवत नाही, रचना दाखवतो. श्वासाच्या नियमाने चाललात तर दम्याच्या रुग्णाचं आणि पोवाडा म्हणणाऱ्याचं व्याकरण वेगळं निघेल.

पायरी 2: प्रत्येक कॉम्याला दोन प्रश्न विचारा

वाक्य एकदा कॉम्यासकट वाचा, एकदा कॉमा झाकून. खरंच बोटाने झाका, लाजू नका. मी अजून झाकते. मग विचारा:

एक, अर्थ बदलला का?
दोन, वाक्याचं हाड मोडलं का, म्हणजे कर्ता-क्रियापद तुटलं, किंवा दोन सुटी वाक्यं नुसत्या कॉम्याने चिकटवली गेली?

एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तो बरोबर-चूक असा मामला आहे, तिथे आवडनिवड चालत नाही. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती पद्धत आहे, इंग्रजीत जिला स्टाइल म्हणतात ती. तिथे प्रश्न ‘बरोबर काय’ हा नसतो, ‘इथे काय चालतं’ हा असतो.

पायरी 3: आधी पद्धत नसलेले कॉमे उरकून घ्या

हॉल तिकिटाचं उदाहरण घेऊ.

‘द स्टुडंट्स हू हॅड पेड द फी गॉट देअर हॉल टिकेट्स.’ ज्यांनी फी भरली होती तेवढ्यांनाच हॉल तिकीट मिळालं.

‘द स्टुडंट्स, हू हॅड पेड द फी, गॉट देअर हॉल टिकेट्स.’ सगळ्या विद्यार्थ्यांनी फी भरली होती आणि सगळ्यांनाच हॉल तिकीट मिळालं.

शब्द तेच, पण दुसऱ्या वाक्यात फी न भरणारा कोणी उरतच नाही. हे काम मराठीत आपण ‘ज्यांनी-त्यांना’ या जोडीवर सोपवतो. ‘ज्यांनी फी भरली होती त्या विद्यार्थ्यांना’ म्हटलं की झालं, स्वल्पविरामाला काही उचलावं लागत नाही. म्हणून आपल्या कानाला इथला फरक ऐकू येत नाही. इंग्रजीत तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

आणि हे कॉमे जोडीने येतात. उघडलात तर मिटलाच पाहिजे. माझ्या सतराव्या पानावर हेच झालं होतं: ‘द प्रिन्सिपल, हू हॅड जॉइन्ड इन जून रिझाइन्ड द नेक्स्ट मंथ.’ ‘जून’नंतरचा कॉमा गायब. दार उघडं टाकून माणूस निघून गेल्यासारखं. मी त्याच ओळीतल्या ‘अँड’शी झटत होते.

हाकेचा कॉमाही असाच सक्तीचा. ‘कॉल मी, डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरसाहेब, मला फोन करा. ‘कॉल मी डॉक्टर’ म्हणजे मला डॉक्टर म्हणत जा.

आता जिथे कॉमा नकोच अशा जागा. यातल्या दोन-तीन खास मराठी माणसाच्या आहेत. मराठीला ही चिन्हं मुळात नव्हतीच. मोडी कागदांत तर शब्दसुद्धा न तोडता सलग लिहिलेले असत. छापखान्यांबरोबर इंग्रजी विरामचिन्हं इकडे आली आणि ती मराठीत बसवणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी पुढे होते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ 1850ची. चिन्हं इंग्रजीकडून घेतली खरी, पण ती वापरायच्या सवयी आपण आपल्या लावून घेतल्या. आता इंग्रजी लिहिताना त्याच सवयी उलट्या वाटेने तिकडे जातात.

‘तो म्हणाला की, मी येणार नाही.’ इथे ‘की’नंतर कॉमा टाकायची खोड आपल्यात इतकी मुरली आहे की ‘ही सेड दॅट, ही वुड नॉट कम’ असं बोटांतून आपोआप उतरतं. ‘दॅट’नंतरचा तो कॉमा चूक आहे, पद्धत नाही. तसंच ‘बट, आय वॉज बिझी’ आणि ‘ऑल्दो, इट वॉज रेनिंग’. ‘परंतु’ आणि ‘जरी’ यांच्यामागे थबकायची सवय तिकडे नेऊ नका. मी तपासलेल्या मराठी माणसांच्या इंग्रजीत हे तीन कॉमे काढले की निम्मं काम झालेलं असतं.

कर्ता लांबलचक झाला की त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये कॉमा टाकावासा वाटतो. आज ती चूक धरतात. ‘आज’ म्हणते, कारण अठराव्या शतकात ती चूक नव्हती. अमेरिकी संविधानाची 1791 साली मंजूर झालेली दुसरी दुरुस्ती, तीच ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काची, एका वाक्याची आहे आणि तिच्यात तीन कॉमे आहेत. शेवटचा ‘आर्म्स’ आणि ‘शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड’ यांच्या मध्ये, म्हणजे कर्त्याच्या आणि क्रियापदाच्या बरोबर मधोमध. त्या वेळची ती पद्धत होती. आज बारावीच्या पेपरात कोणी असं लिहिलं तर गुण जाईल.

पायरी 4: ‘अँड’च्या आधीचा कॉमा, भांडण सगळं इथेच

‘टी, शुगर, अँड मिल्क’ की ‘टी, शुगर अँड मिल्क’? यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधीच्या या कॉम्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो आपल्या नियमांत धरून ठेवला. गंमत अशी की त्याच इंग्लंडातली बहुतेक वर्तमानपत्रं तो टाळतात. अमेरिकेत उलटं: पुस्तकं छापणारे जिच्यावर चालतात ती नियमावली, शिकागो मॅन्युअल, जिची पहिली आवृत्ती 1906ची, तो घालाच म्हणते, एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीने प्रबंध लिहिणाऱ्यांनाही तो घालावा लागतो, पण अमेरिकी वार्ताहर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ज्या एपी स्टाइलबुकाने चालतात ते म्हणतं, साध्या यादीत नको, गोंधळ होणार असेल तरच घाला. म्हणजे ‘ब्रिटिश विरुद्ध अमेरिकन’ असा हा वाद नाहीच. पुस्तकवाले एकीकडे आणि वर्तमानपत्रवाले एकीकडे, असं म्हटलं तर जास्त जवळ जाईल.

आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं बहुधा कॉम्याशिवायच जातात. संविधानाची उद्देशिका काढून बघा, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच सापडेल. ‘जस्टिस, सोशल, इकनॉमिक अँड पोलिटिकल’. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’. ‘अँड’च्या आधी कॉमा नाही. मराठी पाठातही ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’, ‘व’आधी काही नाही. मराठीत तर ‘आणि’आधी यादीत कॉमा देतच नाहीत, त्यामुळे कॉम्याशिवायची पद्धत आपल्याला घरची वाटते. अमेरिकेचा 1776चा जाहीरनामासुद्धा ‘लाइफ, लिबर्टी अँड द परसूट ऑफ हॅपिनेस’ असाच आहे, हे तुमच्या अमेरिकेतल्या मेव्हण्याला सांगायला हरकत नाही.

तरी लोक यावरून किती पेटतात! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा, जानेवारी 2020 मध्ये, 50 पेन्सचं नाणं निघालं. त्यावर ‘पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप विथ ऑल नेशन्स’. लेखक फिलिप पुलमन यांनी कॉमा नाही म्हणून या नाण्यावर सुशिक्षितांनी बहिष्कार घालावा, असंच म्हणून टाकलं. मला विचाराल तर त्या ओळीत अर्थाला कुठेच धक्का लागत नाही. पायरी 2 चे दोन्ही प्रश्न विचारा, दोन्हींना ‘नाही’ येईल. निव्वळ पद्धत.

पण धक्का लागतो तेव्हा केवढा लागतो ते मेन राज्यातल्या दूधगाडी चालकांना विचारा. अमेरिकेच्या या राज्यात जादा कामाच्या पगाराचा कायदा आहे आणि त्यातून काही कामं वगळली आहेत. त्या वगळलेल्या कामांची यादी अशी: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ ऑफ अमुक नाशवंत माल. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोचवत, पॅक करत नसत. कंपनी म्हणाली, ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे वेगळं काम आहे, तेही वगळलेलं, तेव्हा जादा पगार नाही. चालक म्हणाले, कॉमा नाही म्हणजे ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ हे एकच काम. आम्ही पॅकिंग करतच नाही, पगार द्या. त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार आवडतो: यादीतली सगळी कामं ‘-इंग’ने संपतात, फक्त ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ नाहीत, मग ती कामांच्या रांगेत कशी बसतील? खालच्या न्यायालयाने कंपनीचं ऐकलं. अपील न्यायालयाने 13 मार्च 2017 रोजी कायदा संदिग्ध आहे म्हणत चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरांवर तडजोड झाली. मेनच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच हा कॉमा घालू नये असं होतं, हे विशेष. नंतर त्यांनी कायदा दुरुस्त केला, तोही कॉमा घालून नाही. प्रत्येक कामामागे अर्धविराम ठोकला आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं.

यावरून ‘घालायचाच’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. तो कॉमा गोंधळ मिटवतो तसा घालतोही.

‘आय इन्व्हायटेड माय कझिन्स, अमोल अँड नेहा.’ अमोल-नेहा हीच चुलत भावंडं, की भावंडं वेगळी आणि हे दोघे वेगळे? ‘अमोल’नंतर कॉमा दिला की सगळे वेगळे झाले, प्रश्न मिटला.

आता कझिन एकच करा. ‘आय इन्व्हायटेड माय कझिन, अमोल, अँड नेहा.’ इथे ‘अँड’आधी कॉमा आहे, आणि त्यानेच घोळ केला: अमोल हाच कझिन वाटू लागला. कॉमा काढा, तीन माणसं सुटी दिसतात.

एका ‘स’ने नियम उलटा झाला. म्हणून सांगते, इथे तुमचं शस्त्र कॉमा नाही, शब्दांचा क्रम आहे. ‘आय इन्व्हायटेड अमोल, नेहा अँड माय कझिन’ लिहा; मग दोन्ही पद्धतींत वाक्य सरळ राहतं.

तर करायचं काय? कोणासाठी लिहिताय ते बघा. प्रबंध, अमेरिकी प्रकाशक, संशोधन पत्रिका: घाला. वर्तमानपत्र, भारतीय कार्यालयातला पत्रव्यवहार: नको. स्वतःसाठी लिहिताय: नाणेफेक करा, पण मग त्या मजकुरात शेवटपर्यंत तीच बाजू धरा. एका परिच्छेदात घातलेला आणि पुढच्यात नसलेला कॉमा मात्र चूकच. ती इंग्रजीची नाही, तुमच्या लक्षाची.

पायरी 5: वाक्याच्या तोंडाशी येणारे तुकडे

‘इन 2009 वी मूव्ह्ड टू सोलापूर.’ ‘इन 2009, वी मूव्ह्ड टू सोलापूर.’ दोन्ही बरोबर. तोंडाशी आलेला तुकडा दोन-तीन शब्दांचा असेल तर कॉमा ऐच्छिक. पाच-सहा शब्दांच्या पुढे गेला किंवा त्यात क्रियापद आलं की घाला. शब्द मोजत बसू नका, पण डोळा अडखळतो का ते बघा.

‘वेन वी स्टार्टेड कुकिंग द नेबर्स केम आउट.’ वाचणारा क्षणभर शेजाऱ्यांनाच कढईत टाकतो. ‘कुकिंग’नंतर कॉमा सक्तीचा. ‘बिलो द बोर्ड्स वेअर बीइंग पेंटेड’ हेही तसंच: पाट्यांच्या खाली काहीतरी, की खाली पाट्या रंगवल्या जात होत्या? तुकडा एकाच शब्दाचा आहे, तरी ‘बिलो’नंतर कॉमा हवाच. म्हणजे लांबी हा नुसता अंदाज, खरा प्रश्न पहिलाच: अर्थ घसरतो का?

‘हाउएव्हर’चं नाटक वेगळं. ‘तरीसुद्धा’ या अर्थी वाक्याच्या तोंडाशी आला की त्यानंतर कॉमा ठेवा, कारण ‘हाउएव्हर हार्ड यू ट्राय’ मधला ‘कितीही’वाला भाऊ कॉम्याशिवाय येतो. ‘देअरफोर’, ‘दस’, ‘ऑफ कोर्स’ यांच्याबाबतीत मात्र तुमची मर्जी. कॉमा घातला की जोर येतो, काढला की वाक्य पळतं.

पायरी 6: दोन वाक्यं जोडताना

दोन पूर्ण वाक्यं ‘अँड’ किंवा ‘बट’ने जोडली तर मध्ये कॉमा द्या, हा शाळेतला नियम. वाक्यं चिमुकली असतील तर तो सोडून देता येतो: ‘आय कॉल्ड अँड शी केम.’ इथे कॉमा घातला तर ती थोडी उशिरा आल्यासारखी वाटते, एवढाच फरक. कथा लिहिणारे हाच फरक वापरून घेतात.

‘अँड’ नसताना नुसत्या कॉम्याने दोन वाक्यं चिकटवणं मात्र औपचारिक लेखनात चूक. ‘द बस वॉज लेट, आय मिस्ड द इंटरव्ह्यू.’ मराठीत ‘बसला उशीर झाला, मुलाखत चुकली’ हे किती सुरेख बसतं! म्हणूनच ही चूक आपल्या हातून होते. इंग्रजीत तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’ लागतो. ज्युलियस सीझरचं ‘आय केम, आय सॉ, आय काँकर्ड’ खपतं, कारण तुकडे इवलेसे आणि एका तालाचे आहेत. तुमचं मुलाखतीचं वाक्य त्या रांगेत बसेल असं समजू नका.

पायरी 7: विशेषणांची रांग

युक्ती एकच: मध्ये ‘अँड’ घालून बघा, क्रम उलटवून बघा. ‘अ लाँग, टायरिंग जर्नी’: ‘लाँग अँड टायरिंग’ चालतं, ‘टायरिंग, लाँग’ही चालतं, तेव्हा कॉमा द्या. ‘टू ओल्ड स्टील ट्रंक्स’: ‘स्टील ओल्ड टू’ म्हणून बघा, नाही चालत, तेव्हा कॉमा नाही. उद्देशिकेतलं ‘सॉव्हरिन सोशलिस्ट सेक्युलर डेमोक्रॅटिक रिपब्लिक’ बघा, चार विशेषणं आणि कॉमा एकही नाही; मधली दोन 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने आली, तीही कॉम्याशिवाय. मराठीतही ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ सलगच. ही विशेषणं एकत्र मिळून एकाच गोष्टीचं नाव झाली आहेत. ‘अ क्वाएट लिटल टाउन’सारखी काही मधलीअधली असतात, त्यांत दोन शहाणी माणसं वेगवेगळं करतील. तिथे लेखकाचं राहू द्या.

पायरी 8: ‘बिकॉज’ दिसला की थांबा

बहुतेक वेळा ‘बिकॉज’आधी कॉमा लागत नाही. पण मागे नकार असेल तर दचकायचं. ‘शी डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.’ पगार चांगला म्हणून तिने नोकरी सोडली नाही? की नोकरी सोडली, पण कारण पगार नव्हतं? ‘जॉब’नंतर कॉमा दिलात तर पहिला अर्थ पक्का होतो. दुसरा हवा असेल तर कॉमा काढून भागत नाही, वाक्यच बदलायला हवं. इथे तपासणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही करू नये. समासात लेखकाला प्रश्न लिहा आणि पुढे जा.

पायरी 9: यंत्रासारखे करायचे कॉमे

यात डोकं चालवायचं नसतं, फक्त एक गाव निवडायचं आणि तिथलेच रस्ते धरायचे.

तारीख: ‘15 ऑगस्ट 1947’ या क्रमात कॉमा नाही. ‘ऑगस्ट 15, 1947’ या अमेरिकी क्रमात आहे, आणि वाक्य पुढे चालू असेल तर वर्षानंतरही दुसरा. तो दुसरा विसरतात.

अवतरण: अमेरिकी पद्धतीत कॉमा अवतरणचिन्हाच्या आत, मग तो मूळ उद्गारात असो वा नसो. ब्रिटिश पद्धतीत तो उद्गाराचा भाग नसेल तर बाहेर. मला ब्रिटिश तर्क पटतो, अमेरिकी डोळ्याला बरा दिसतो.

पत्र: ‘डिअर सर’नंतर कॉमा द्या किंवा देऊ नका, पण वर काढलात तर खाली ‘युअर्स सिन्सिअरली’नंतरचाही काढा. अमेरिकी व्यावसायिक पत्रात तिथे अपूर्णविराम येतो. पाकिटावर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॉमा आणि पिनकोडनंतर टिंब, हे आम्हाला शाळेत घटवून घेतलेलं. आता ते सोडलं तरी पत्र पोचतं.

आकडे: हा कॉमा कोणी मोजतच नाही, आणि पैशाचा घोळ इथेच होऊ शकतो. आपण 12,34,567 लिहितो, अमेरिकेत 1,234,567. दोन्ही बरोबर, पण एका तक्त्यात दोन्ही आले तर वाचणाऱ्याला शून्यं मोजत बसावं लागतं. जर्मनीला कोटेशन पाठवत असाल तर आणखी जपून: तिकडे दशांशाला कॉमा आणि हजाराला टिंब. आपला 1,250 तिकडच्या डोळ्यांना सव्वा दिसू शकतो.

पायरी 10: स्वतःचा कागद करा

नवा मजकूर हातात आला की मी आधी तीन-चार पानं पेन न उचलता वाचते आणि एका कोऱ्या कागदावर टिपते: यादीत ‘अँड’आधी कॉमा, आहे की नाही. छोट्या सुरुवातीच्या तुकड्यानंतर, आहे की नाही. तारीख कुठल्या क्रमात. अवतरणात आत की बाहेर. आकडे लाखांत की मिलियनमध्ये. लेखकाने बहुतेक ठिकाणी जे केलं असेल तीच त्या मजकुराची पद्धत धरायची आणि फुटकळ अपवाद तिच्याकडे वळवायचे. संस्थेची स्वतःची पद्धत असेल तर अर्थात ती आधी.

मग दोन फेऱ्या. पहिलीत फक्त पायरी 3 च्या चुका. दुसरीत संगणकावर ‘कॉमा अँड’ असा शोध लावून एकेक जागा कागदाशी पडताळायची. मग नुसता ‘अँड’ शोधून उरलेल्या जागा. दोन्ही फेऱ्या एकदम करू नका. पद्धतीच्या कॉम्यांत डोळा गुंतला की चुकीचा कॉमा निसटतो, सतराव्या पानावर माझा निसटला तसा.

लेखक अडून बसला की ‘मला इथे कॉमा हवाच’, आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ येत असतील, तर देऊन टाका. कागदावर त्याच्या नावापुढे टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रकरणात तुम्हीच तो काढणार नाही. माझ्या त्या अहवालाचा कागद अजून फाइलीत आहे. ‘अँडआधी: नाही’ या ओळीखाली काकांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘पान 9 सोडून. तिथे दोन समित्या एक झाल्यात.’